दूध उतू गेलं, तेव्हा घरात कोण कोण होतं?

(वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

मैत्रिणींनो,

हे पातेलं, त्याच्या झाकणातून लोंबणारी वायर आणि शेजारचा हा विजेच्या फिटिंगचा डबा पाहून तुमच्यातल्या काहीजणी मघापासून हसताहेत. हसा. हे भांडं दिसायला देखणं नाही, हे मलाही माहीत आहे. मी मुलींना इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. भाषणं करायची मला सवय नाही, शिकवायची आहे. म्हणून आजही शिकवल्यासारखंच बोलणार आहे. मध्येच कुणाला शंका आली तर हात वर करा.

दोन वर्षांपूर्वी आमच्या शनिवारच्या गटात एक मैत्रीण उशिरा आली. ती घरी ब्लाउज शिवते. डोळे सुजलेले होते. खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, "काही नाही, दूध उतू गेलं." आम्ही हसलो. दूध काय, सगळ्यांचंच उतू जातं. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. ती मशीनवर होती, मुलीच्या शाळेतून फोन आला, ती बोलत राहिली आणि इकडे लिटरभर दूध ओट्यावर. नवरा आतून आला आणि म्हणाला, "दिवसभर घरात असतेस, एवढंसुद्धा लक्ष देता येत नाही?" आणि मग ते वाक्य दुधावर थांबलं नाही. तिच्या माहेरापर्यंत गेलं.

मी तिला विचारलं, "दूध उतू गेलं तेव्हा घरात कोण कोण होतं?" ती म्हणाली, "सगळेच होते. हे होते, मुलगा होता, सासूबाई होत्या." म्हणजे घरात चार माणसं होती, आठ कान होते, चार नाकं होती. पण दूध कुणाचं? तिचं.

नंतर तीच म्हणाली, "मॅडम, तुम्ही एवढी यंत्रं शिकवता. दुधावर लक्ष ठेवणारं यंत्र का नाही करत?" हे भांडं त्या प्रश्नातून आलेलं आहे.

आता तुम्ही म्हणाल, दुधाचा कुकर आहे की! दोन भिंतींचा, मधे पाणी, दूध तापलं की शिट्टी. आहे. फार चांगली वस्तू आहे. पण तो शिट्टी वाजवतो, शेगडी बंद करत नाही. शिट्टी झाली की कुणीतरी उठायचंच. ते कुणीतरी कोण, ते आपल्याला माहीत आहे. आम्हाला असं भांडं हवं होतं, की जे स्वतः तापमान मोजेल आणि वेळ आली की स्वतः शेगडी बंद करेल.

यंत्र करायचं तर आधी काम काय आहे ते नीट मांडावं लागतं. म्हणून पहिल्या आठवड्यात आम्ही एकही वायर जोडली नाही. गटातल्या प्रत्येकीने एक वही ठेवली. हातातलं काम सोडून शेगडीकडे बघायला गेलात, किंवा नुसतं "आता उकळी आली असेल" असं मनात आलं, की एक रेघ मारायची. एकीचं पान सकाळी अकरालाच भरलं. ती म्हणाली, "मला वाटायचं मी सकाळी एक तास स्वयंपाक करते. खरं म्हणजे मी पूर्ण सकाळ स्वयंपाकाच्या पहाऱ्यावर असते."

आपल्या देशात माणसं दिवसाचा वेळ कशात घालवतात, याची देशव्यापी सरकारी पाहणी पहिल्यांदा २०१९ साली झाली. त्यात घरकाम करणाऱ्या बायकांची त्या बिनपगारी कामाची रोजची सरासरी २९९ मिनिटं निघाली, आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांची ९७. २०२४ साली पुन्हा पाहणी झाली. बायकांची २८९ आणि पुरुषांची ८८. म्हणजे पाच वर्षांत आपली दहा मिनिटं कमी झाली, आणि त्यांचीही नऊ कमी झाली! पण हे झालं हातांचं काम. शिवताना अर्धा जीव दुधाकडे असतो, त्याची मिनिटं कशी मोजणार? लक्ष ठेवणं हे काम आहे, असं मुळात कुणी मानलेलंच नाही. ते फक्त चुकलं की दिसतं.

हा प्रश्न आपल्याला पहिल्यांदा पडला असंही नाही. जपानमध्ये भात चुलीवर व्हायचा आणि त्यासाठी घरातल्या बाईला पहाटे उठून जाळ सांभाळत बसावं लागायचं. आपोआप बंद होणारा विजेचा भात-कुकर तोशिबा कंपनीने १९५५ साली बाजारात आणला. तो तयार करण्याचं काम योशितादा मिनामी नावाच्या छोट्या कारखानदाराकडे दिलं होतं. पण भात केव्हा शिजतो हे कारखान्यात कुणाला माहीत होतं? ते शोधून काढलं त्यांच्या पत्नीने, फुमिको मिनामी यांनी. घर सांभाळून, पुन्हा पुन्हा भात शिजवून, प्रत्येक वेळी वेळ आणि तापमान टिपून. त्यांच्या लक्षात आलं, की उकळी आल्यावर साधारण वीस मिनिटं ती टिकली की भात होतो. मग युक्ती अशी केली, की भांडं दुहेरी करायचं आणि बाहेरच्या भांड्यात वीस मिनिटांत आटेल एवढंच पाणी घालायचं. पाणी आहे तोवर तापमान शंभराच्या वर जाऊ शकत नाही. पाणी संपलं की ते झपकन चढतं, दोन धातूंची जोडपट्टी वाकते आणि वीज तुटते.

पुढे याहून साधे कुकर आले. त्यांच्या तळाशी एक खास चुंबक असतो. भाताने पाणी पिऊन टाकलं, तळ शंभराच्या थोडा वर गेला, की तो चुंबक आपलं चुंबकपण सोडतो आणि खटका पडतो. त्यात संगणक नाही, काही नाही. म्हणून जाहिरातीत 'स्मार्ट' हा शब्द दिसला की मी मुलींना सांगते, आधी विचारा, हुशारी कुणाची? त्या कुकरमधली हुशारी फुमिकोबाईंच्या वहीतून आलेली आहे.

आता आमच्या भांड्याकडे येऊ. सगळ्या म्हणाल्या, गॅसवरच बसवू या, सगळ्यांकडे गॅस आहे. मी नाही म्हणाले. गॅसच्या नळीत विजेची झडप बसवून ती यंत्राने उघड-बंद करायची म्हटलं, तर एक धोका आहे. वाऱ्याने ज्योत विझली आणि झडप उघडीच राहिली, तर स्वयंपाकघर गॅसने भरेल. काही शेगड्यांत यावर उपाय असतो. ज्योतीत एक छोटी तापणारी काडी असते, तिच्यातल्या किंचितशा विजेवर झडप उघडी राहते, ज्योत गेली की झडप मिटते. पण ते कारखान्यात करायचं आणि तपासून घ्यायचं काम आहे. घरच्या घरी गॅसच्या नळीला आणि रेग्युलेटरला हात लावायचा नाही. इथे ज्या मुली बसल्या आहेत त्यांनी हे पहिलं लिहून घ्या.

मग इंडक्शनचा विचार केला. आमच्याकडच्या इंडक्शनची वीज बाहेरून तोडता येते, पण परत दिली तरी ती आपली आपण सुरू होत नाही, बटण दाबावं लागतं. शेवटी साधी कॉइलची शेगडी घेतली, हजार वॉटची. २३० व्होल्टवर ती सव्वाचार अँपिअरच्या आसपास वीज घेते, म्हणून दहा अँपिअरचा रिले लावला. रिले म्हणजे विजेने चालणारा खटका. अर्थिंगची वायर पक्की केली. २३० व्होल्टचा भाग या बंद डब्यात ठेवला आणि तापमान मोजणारा भाग मोबाइलच्या चार्जरवर, म्हणजे पाच व्होल्टवर चालवला. ओले हात फक्त पाच व्होल्टच्या बाजूला लागतील, हा आमचा नियम.

तापमान मोजायला स्टीलच्या नळीतला सेन्सर आणला. तो पहिल्यांदा तळाला बाहेरून लावला. दूध अजून कोमट, आणि सेन्सर सांगतोय शंभरच्या वर! तो दुधाचं नव्हे, शेगडीचं तापमान सांगत होता. मग झाकणाला भोक पाडून तो आत सोडला, आणि वाफेत टिकेल अशी सिलिकॉनच्या आवरणाची वायर घेतली. शिशाचं सोल्डरिंग अन्नाच्या जवळपासही येऊ दिलं नाही.

दुसरी चूक. आम्ही ठरवलं, दूध पंचाण्णव अंशांना आलं की शेगडी बंद. रिलेचा खटका पडला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि टाळ्या चालू असतानाच दूध उतू गेलं. का? वीज तुटली तरी कॉइल लाल असते. तिच्यातली उष्णता दुधात जातच राहते. आमच्यातल्या एक मावशी मागे बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, मी कधी उकळी येईपर्यंत थांबते का? कडेला बुडबुडे धरले की बंद करते, बाकीचं आपलं आपण होतं." मी त्यांना म्हटलं, "मावशी, कडेला बुडबुडे धरतील तेव्हा सांगा." त्यांनी सांगितलं तेव्हा आकडा बघितला. नव्वदच्या अलीकडे होता. तोच आकडा यंत्रात घातला. त्या दिवसापासून दूध उतू गेलेलं नाही.

मग आम्ही मावशींनाच गुरू केलं. दही लावताना त्या दुधात बोट घालायच्या आणि "आता" म्हणायच्या. तीन दिवस सेन्सर लावून पाहिलं, तर दर वेळी बेचाळीस-त्रेचाळीसच्या आसपास. विरजण लागायला हेच तापमान चांगलं असतं. आता दूध गार होत त्रेचाळीसवर आलं की भांडं वाजतं, विरजण लावा म्हणून. वरण मंद उकळत ठेवायचं तर दोन आकडे द्यावे लागतात, पंचाण्णवला बंद आणि नव्वदला चालू. एकच आकडा दिला तर रिले सारखा टकटक करत राहतो आणि लवकर मरतो. मावशी म्हणाल्या, "मीसुद्धा गॅस सारखा बारीक-मोठा करत नाही, जरा वाट बघते." सांगायचं म्हणजे, इंजिनिअरिंगच्या पुस्तकात ज्याला मोठं इंग्रजी नाव आहे, ते मावशींना येत होतं. फक्त त्यांना कुणी कधी विचारलं नव्हतं.

तिसरी चूक सगळ्यात मोठी. गेल्या वर्षी शिबिरासाठी आम्ही महाबळेश्वरला गेलो आणि हे भांडं हौसेने बरोबर नेलं. भाजी उकडायला ठेवली. यंत्राला सांगितलं होतं, अठ्ठ्याण्णव अंशांना उकळी धर आणि तिथून पंधरा मिनिटं मोज. आम्ही गप्पांत. अर्ध्या तासाने आमची ती शिवणकाम करणारी मैत्रीण एकदम उठली. म्हणाली, "आवाज बदलला." झाकण काढलं तर पाणी आटत आलेलं. झालं असं, की महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साडेतेराशे मीटर उंच आहे. तिथे पाणी पंचाण्णवच्या आसपासच उकळतं, अठ्ठ्याण्णवला कधीच पोचत नाही. यंत्र बिचारं न येणाऱ्या आकड्याची वाट बघत बसलं होतं.

त्यानंतर आम्ही कार्यक्रम बदलला. आता ते आकड्याची वाट बघत नाही. तापमान चढायचं थांबलं, की उकळी आली असं समजतं. तुम्हीही हे लक्षात ठेवा. उघड्या भांड्यात एकदा उकळी आली, की जाळ कितीही मोठा केला तरी पाणी जास्त तापत नाही. फक्त वाफ जास्त होते आणि इंधन जळतं. उकळीनंतर जाळ बारीक करायचा, याला यंत्र लागत नाही. आणि शिवाय एक कडक नियम घातला, काहीही झालं तरी ठरलेल्या वेळाने शेगडी बंद. पण त्या दिवशी घर जळण्यापासून कुणी वाचवलं? सेन्सरने नाही, तिच्या कानांनी. हे भांडं डाळ शिजली की नाही ते सांगू शकत नाही. डाळ जुनी असेल, पाणी जड असेल, तर वेळ बदलते. ते ओळखायला बोटांत दाणा चेपून बघणारं माणूस लागतं.

आता मी यंत्राचं पुरे करते आणि माणसांकडे येते.

भांडं तयार झालं तेव्हा एका तरुण मुलाने चांगल्या मनाने सुचवलं, की हे वायफायने मोबाइलला जोडू, म्हणजे घराबाहेरूनही कळेल शेगडी कधी चालू झाली, कधी बंद झाली. आमच्या एका मैत्रिणीचे यजमान तिथे होते. ते हसत म्हणाले, "बरंच झालं, मला ऑफिसात बसून कळेल घरात चूल कधी पेटते ते." ते चेष्टेत म्हणाले. पण खोलीतल्या सगळ्याजणी गप्प झाल्या.

मैत्रिणींनो, त्या गप्प होण्यात सगळं होतं. आपल्यावरचा पहारा कमी व्हावा म्हणून केलेली वस्तू, आपल्यावरच पहारा ठेवू शकते. किती वाजता उठली, किती वेळ शेगडी चालू होती, दुपारी घरात होती की नव्हती, हे सगळं त्या नोंदीत येतं. आज बाजारात मोबाइलवर चालणारी भांडी, शेगड्या, कॅमेरे, कुलुपं मिळतात. विकत घेताना आपण बघतो किती लिटरचं आहे. आणखी एक बघा. नोंद कुठे जाते आणि पासवर्ड कुणाकडे असतो?

आम्ही त्या दिवशी मतदान घेतलं आणि तीन गोष्टी ठरवल्या. एक, हे भांडं फोनला जोडायचं नाही. दोन, बंद केलं की त्यातली नोंद पुसली जाईल. तीन, डब्यावर एक मोठं बटण असेल. ते दाबलं, की यंत्राचं काहीही म्हणणं असो, शेगडी बंद.

पहिलं भांडं अर्थातच त्या शिवणकाम करणाऱ्या मैत्रिणीच्या घरी गेलं. आठवड्याने आम्ही उत्सुकतेने विचारलं, कसं चाललंय? ती म्हणाली, "भांडं चांगलं आहे. घर तसंच आहे." दूध तापलं, शेगडी बंद झाली, बझर वाजला. नवरा आणि मुलगा स्वयंपाकघराला लागूनच बसले होते. दोघांनी तिथूनच हाक मारली, "अगं, वाजतंय!" "आई, वाजतंय!" आणि ती मशीन सोडून उठली.

पण तिने जे केलं, ते मला कुठल्याही वर्गात सुचलं नसतं. पुढच्या शनिवारी ती माझ्याकडून चार मीटर वायर घेऊन गेली. बझर डब्यातून काढला आणि टीव्हीच्या मागे, नवऱ्याच्या खुर्चीपाशी टांगला. खाली जाड अक्षरात कागद लावला, "दूध तापलं. शेगडी बंद आहे. ज्याला ऐकू येईल त्याने झाकण सरकवावं."

पहिले दोन दिवस बझर वाजत राहिला आणि सगळे एकमेकांकडे बघत राहिले. तिसऱ्या दिवशी मुलगा उठला. आता तो उठतोच. सासूबाई म्हणतात, "अगं, मीही केलं असतं, तू कधी सांगितलंच नाहीस." नवरा अजून कधी उठतो, कधी नाही. मी तुम्हाला खोटं सांगणार नाही, भांड्याने संसार बदलत नाही. पण एक झालं. "तुला लक्ष देता येत नाही" हे वाक्य त्या घरात परत ऐकू आलं नाही. कारण आता लक्ष ही वस्तू सगळ्यांना दिसली. तिला वायर आहे, आवाज आहे, आणि ती खुर्चीपाशी टांगलेली आहे.

काही शंका मला आधीच विचारल्या गेल्या आहेत. वाचलेल्या वेळाचं काय होतं? चांगला प्रश्न आहे. रूथ श्वार्ट्झ कोवन या अमेरिकन इतिहासकार बाईंनी १९८३ साली एका पुस्तकात दाखवून दिलं, की घरात यंत्रं आली तरी गृहिणीचं काम कमी झालं नाही. अपेक्षा वाढल्या आणि पूर्वी घरातल्या इतरांकडे असलेली कामंही तिच्याकडे आली. आपल्याकडे मिक्सर आला आणि रोज दोन चटण्या झाल्या, तसंच. म्हणून वाचलेला वेळ कुणाचा, हे भांडं आणायच्या आधी ठरवा. आमच्या गटातल्या एकीने त्या वेळात जास्त ब्लाउज शिवले. दुसरी म्हणाली, "मी झोपले." सगळ्या हसल्या, पण मला वाटतं तिने बरोबर केलं.

दुसरी शंका, खेड्यातल्या बाईला याचा काय उपयोग? खरं आहे. जिथे सरपणावर स्वयंपाक होतो, जिथे वीज कधीही जाते, तिथे हजार वॉटची शेगडी घेऊन काय करायचं? २०१६ साली उज्ज्वला योजना आली, घरोघर गॅस पोचला, पण सिलिंडर भरून आणायला पैसे नसले की बाई पुन्हा चुलीपाशी आणि धुरात. तिच्यासाठी आधी इंधन हवं, हे भांडं नंतर. मी हे भांडं सगळ्यांवरचा उपाय म्हणून आणलेलं नाही. पण लक्ष ठेवण्याचं ओझं चुलीवरही तेच आहे, आणि त्याची मोजणी करायला वही-पेन्सिल पुरते.

म्हणून जाताना एवढंच मागते. एक आठवडा वही ठेवा. शेगडीकडे किती वेळा गेलात त्याच्या रेघा मारा, आणि रविवारी ते पान घरात सगळ्यांसमोर जेवणाच्या वेळी ठेवा. काही बोलू नका, नुसतं ठेवा. दुसरं, तुमच्या मुलींना स्क्रू-ड्रायव्हर धरू द्या आणि मुलांना पळी धरू द्या. घरातला एखादा बिघडलेला रेडिओ त्यांना उघडू द्या. विजेच्या मोठ्या कामाला मात्र शेजारी जाणतं माणूस हवं. यंत्र दुसऱ्याने केलं, की नियमही त्याचेच असतात. आपण केलं, म्हणून आम्हाला ते फोनला न जोडण्याचं ठरवता आलं.

आता हे भांडं मी इथे लावते. दूध घातलेलं आहे. चहाच्या सुट्टीत बझर वाजेल. तेव्हा सभागृहातल्या पुरुषांनी आमच्याकडे बघू नये, एवढी विनंती.